सारा, मत आणि सूत : आधुनिक जपानचा इतिहास कोणत्या टोकाने धरावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभ्यासासाठी तुम्ही आधुनिक जपानचा राजकीय, सामाजिक आणि आर्थिक इतिहास निवडला आहे आणि हाताशी एक वर्ष आहे. तीनही बाजूंची स्वतंत्र पुस्तके वाचून झाली, तरी त्यांची सांगड बसत नाही. राजकीय इतिहासात १८६८ चे सत्तांतर, १८८९ चे संविधान आणि युद्धे येतात, आर्थिक इतिहासात गिरण्या आणि बँका येतात, सामाजिक इतिहासात सामुराई, शेतकरी आणि कामगार स्त्रिया येतात; पण ही सगळी माणसे एकाच देशात एकाच वेळी राहत होती, असे वाचताना जाणवत नाही. जपानी येत नसताना हा विषय घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे.

हा विषय मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवला आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षे तरी तुमच्या अडचणीतच राहून शिकवला. पहिल्या सत्रात राज्यव्यवस्था, दुसऱ्यात उद्योगीकरण आणि परीक्षेच्या तोंडावर उरकलेले ‘सामाजिक बदल’ अशी माझी मांडणी असे. एका विद्यार्थिनीने तासाला विचारले, ‘ज्यांच्यावर सारा बसवला आणि ज्यांना पहिल्यांदा मत मिळाले, ते एकच लोक का?’ उत्तर ‘बव्हंशी होय’ असे होते, आणि ते मला माहीत असूनही मी ते कधी एका वाक्यात सांगितले नव्हते. त्यानंतर मी टिपणे फाडून नव्याने लिहिली आणि जमिनीवरच्या कराला धरून शिकवू लागलो. तुम्हालाही तेच सुचवतो : तीन इतिहासांची बेरीज करू नका, एका घरातून निघालेला पैसा सरकारजमा होऊन कोठे जातो आणि त्या बदल्यात त्या घराला काय मिळते किंवा मिळत नाही, एवढे वर्षावर्षाने पाहत चला.

आरंभ १८७१ पासून करा, १८५३ पासून नको. अमेरिकी आरमाराचा पेरी १८५३ मध्ये येतो, १८५८ चे करार होतात, १८६६ मध्ये आयातीवरील जकात सुमारे ५ टक्क्यांवर बांधली जाते आणि परकीयांना जपानी न्यायालयांपासून मोकळीक राहते, ही पार्श्वभूमी दोन दिवसांत वाचून होते. त्यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : जकात वाढवण्याचा मार्ग बंद असल्यामुळे नव्या सरकारला पैसा जमिनीतूनच काढावा लागणार होता. १८६८ मध्ये सात्सुमा आणि चोशू या संस्थानांच्या पुढाऱ्यांनी सम्राटाच्या नावाने सत्ता हाती घेतली, तेव्हा देश अडीचशेहून अधिक संस्थानांत वाटलेला होता आणि प्रत्येक संस्थानाचा सारा तांदळाच्या रूपाने त्या त्या दाइम्योकडे, म्हणजे संस्थानिकाकडे, जात होता. १८७१ मध्ये संस्थाने खालसा करून जिल्हे केले, तेव्हा सगळी वसुली केंद्राकडे आली. आणि तिच्या पाठोपाठ सामुराईंना पिढ्यान्‌पिढ्या दिली जाणारी तांदळाची नेमणूक देण्याची जबाबदारीही आली. सरकारी खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग या नेमणुकांतच जात असे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती न कळल्याने माझी दोन टिपणे चुकली होती. जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली ती १८७३ च्या १ जानेवारीपासून. मेइजी ५ च्या (जपानात वर्षे ‘मेइजी’, ‘केइओ’ अशा कालखंडांच्या नावांनी मोजतात) बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हा थेट नव्या वर्षाचा पहिला दिवस ठरवला गेला. त्यापूर्वीच्या तारखा चांद्रमासाच्या आहेत, म्हणून १८६८ च्या ३ जानेवारीचे सत्तांतर जपानी पुस्तकांत केइओ ३ च्या बाराव्या महिन्याच्या ९ तारखेला दिसते आणि घाईने वाचणारा त्याला १८६७ मध्ये ढकलतो. पण याहून मौजेची गोष्ट या बदलाच्या कारणांत आहे. जुन्या पंचांगाने येणाऱ्या वर्षात अधिक महिना पडत होता, म्हणजे पगारदार नोकरांना तेरा पगार द्यावे लागणार होते. पंचांग बदलताच अधिक महिना गेला, आणि संपत्या वर्षाचा बारावा महिना दोनच दिवसांचा उरल्याने त्याचाही पगार वाचला. त्या वेळी कारभार पाहणाऱ्या ओकुमा शिगेनोबूने हे कारण पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ‘आधुनिकीकरण’ हा शब्द पुस्तकात आला की त्यामागे रिकाम्या तिजोरीची चिंता होती का, हे पाहण्याची सवय मला या प्रसंगाने लागली. अधिक महिना म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, ही आपली सोय.

आता मुख्य धागा. १८७३ च्या जमीनकर कायद्याने तीन गोष्टी एकदम बदलल्या. सारा पूर्वी गावावर सामाईक बसत असे, तो आता जमिनीचा दाखला ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर बसला. पूर्वी तो पिकाच्या प्रमाणात होता, तो आता ठरवलेल्या जमीन-किमतीच्या ३ टक्के झाला. आणि पूर्वी तो बहुतेक तांदळात भरला जाई, तो आता रोख भरावा लागला. मुंबई इलाख्यातील रयतवारीची पाहणी आणि जमाबंदी वाचलेल्या माणसाला यातला दुसरा व तिसरा बदल ओळखीचा वाटेल. पण जपानच्या बाबतीत एक तपशील नीट पकडावा लागतो आणि पुस्तके तो एका ओळीत उरकतात : सारा रोख झाला तरी कुळाने मालकाला द्यायचा खंड तांदळातच राहिला. मालक तांदूळ घेणार आणि सरकारला येन देणार. म्हणजे तांदूळ महागला की फायदा मालकाचा, कुळाच्या पदरात काही नाही. पुढची पंचाहत्तर वर्षे या एका व्यवस्थेच्या सावलीत गेली, असे माझे मत आहे.

कायद्याचे पडसाद कसे उमटले ते पाहा. १८७६ मध्ये इबाराकी आणि मिए या भागांत शेतकऱ्यांचे मोठे उठाव झाले. त्याच वर्षी सरकारने सामुराईंच्या नेमणुका सक्तीने बंद करून त्या बदल्यात सरकारी रोखे दिले आणि कमरेला तलवार लावण्यास बंदी केली. शेतकरी आणि नेमणूक गमावलेला सामुराई एकाच वेळी बिथरणे सरकारला परवडणारे नव्हते. १८७७ च्या जानेवारीत सारा ३ वरून २.५ टक्क्यांवर आला. बांबूच्या भाल्याने टोचून अडीच टक्के काढले, अशा अर्थाची एक ओळ तेव्हा लोकांच्या तोंडी होती. पुढच्याच महिन्यात साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली सात्सुमाचे बंड पेटले. बंड मोडले ते सक्तीच्या लष्करभरतीतून आलेल्या सैन्याने, म्हणजे बऱ्याच अंशी शेतकऱ्यांच्या मुलांनी. ‘शेवटचा सामुराई’ या रम्य कथेत सारा कपातीचा हा महिना सहसा येत नाही. तुम्ही वर्षवार तक्ता कराल त्यात तो बंडाच्या शेजारी लिहा.

बंडाचा खर्च सरकारने कागदी नोटा छापून भागवला आणि १८७८ ते १८८० या काळात तांदळाचा भाव भराभर चढला. सारा मात्र येनमध्ये ठरलेला, त्यामुळे खेड्यातील जमीनमालकांच्या हाती पैसा आला. मग त्याच वर्षांत ‘स्वातंत्र्य आणि लोकहक्क’ चळवळ शहरी सामुराईंच्या हातून खेड्यांत पसरली, यात नवल काय? इतागाकी ताइसुके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये प्रातिनिधिक सभेची मागणी केली, तेव्हा ती मुख्यतः माजी सामुराईंची मागणी होती. १८८० पर्यंत तिच्यामागे गावचे मुखत्यार, दारूच्या भट्ट्यांचे मालक आणि रेशमाचे व्यापारी उभे होते. तोक्योच्या पश्चिमेकडील इत्सुकाइची या डोंगराळ भागातील एका जुन्या घराण्याच्या मोडकळीस आलेल्या कोठारात १९६८ मध्ये इतिहासकार इरोकावा दाइकिची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना १८८१ च्या सुमाराचा एक संविधानाचा मसुदा सापडला. त्यात २०४ कलमे होती, त्यांतला मोठा भाग लोकांच्या हक्कांविषयी होता, आणि तो लिहिणारा चिबा ताकुसाबुरो हा गावातला शाळामास्तर होता. हा शोध लागेपर्यंत संविधान म्हणजे सरकारातील पुढारी इतो हिरोबुमीने युरोपात जाऊन शिकलेली आणि वरून दिलेली वस्तू, एवढीच कथा बहुतेक पुस्तकांत असे. तो परिसर योकोहामाला रेशीम पाठवणारा होता, हे विसरू नका. डोंगरातील गावात पुस्तके विकत घेण्याची आणि रात्री वादसभा भरवण्याची ऐपत रेशमाच्या पैशातून आली होती.

नंतर भाव उलटले. १८८१ मध्ये मात्सुकाता मासायोशी अर्थमंत्री झाला. त्याने नोटा मागे घेतल्या, खर्च कापला, १८८२ मध्ये जपानची मध्यवर्ती बँक स्थापली, आणि तीन-चार वर्षांत तांदळाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. येथे तुम्ही स्वतः हिशेब करून पाहावा. समजा, एका शेतकऱ्याला वर्षाला २० येन सारा आहे. तांदूळ कोकूला १० येन असताना तो दोन कोकू विकून सारा भरतो. भाव ५ येनवर आला की त्याच साऱ्यासाठी चार कोकू विकावे लागतात. (एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर.) सरकारने कराचा दर एका सेनने वाढवला नाही आणि तरी कर दुप्पट झाला. शेतकऱ्याने कर्ज काढले, कर्जासाठी जमीन गहाण ठेवली, गहाण सुटली नाही आणि तो आपल्याच शेतात कूळ झाला. १८८४ च्या १ नोव्हेंबरला साइतामा जिल्ह्यातील चिचिबू या रेशीम पिकवणाऱ्या डोंगरी भागात काही हजार शेतकरी एका देवळात जमले, सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जाचे कागद जाळले. सरकारने सैन्य पाठवून उठाव मोडला आणि पुढाऱ्यांना फाशी दिली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला आणि नंतर पुणे-नगर भागात सावकारांच्या दस्तांची जी होळी झाली, ती आठवल्याशिवाय मराठी माणसाला हे प्रकरण वाचता येत नाही. तुलना करा, पण जपून. दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. जपानमध्ये असा कायदा झाला नाही, आणि लोकहक्क चळवळीतील सुखवस्तू मंडळी चिचिबूपासून चटकन दूर सरकली. चळवळ हरली ती केवळ सरकारी दडपशाहीने, असे लिहिणाऱ्यांनी हा दुरावा झाकला आहे.

१८८९ च्या ११ फेब्रुवारीला संविधान जाहीर झाले आणि १८९० च्या १ जुलैला पहिली निवडणूक झाली. मताधिकार २५ वर्षांवरील आणि किमान १५ येन थेट राष्ट्रीय कर भरणाऱ्या पुरुषांना होता. २.५ टक्के दराने १५ येन सारा म्हणजे ६०० येन किमतीची जमीन. मतदार निघाले सुमारे साडेचार लाख, लोकसंख्येच्या जेमतेम १.१ टक्के. मात्सुकाताच्या मंदीत ज्यांची जमीन गेली त्यांचे मत गेले, आणि ज्यांनी ती स्वस्तात घेतली ते संसदेत बसले. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे बनते. या जमीनमालकांच्या सभागृहाने पहिल्याच वर्षी सरकारच्या सुमारे ८ कोटी येनांच्या अंदाजपत्रकावर कात्री चालवली. घोषणा होती खर्च कपातीची आणि साऱ्याचे ओझे हलके करण्याची. अंदाजपत्रक नामंजूर झाले तर मागील वर्षाचेच पुढे चालेल, असे ७१ वे कलम संविधानात मुद्दाम घातलेले होते. पण आरमार वाढवायचे असेल तर मागील वर्षाचे अंदाजपत्रक पुरत नाही. म्हणून सरकारला या सभागृहाशी चार वर्षे झगडावे लागले, आणि ते झगडे थांबले १८९४ मध्ये, चीनशी युद्ध सुरू झाल्यावर : त्या ऑक्टोबरात हिरोशिमाला भरलेल्या अधिवेशनाने १५ कोटी येनांचा युद्धखर्च एकमताने मंजूर केला.

युद्धाने हिशेब कसा बदलला ते आकड्यांनीच कळते. चीनकडून नुकसानभरपाई मिळाली सुमारे ३६ कोटी येन, म्हणजे युद्धापूर्वीच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या चौपटीहून अधिक. तिचा मोठा हिस्सा सैन्यावर व आरमारावर गेला, तिच्या आधारावर १८९७ मध्ये सुवर्णचलन आले आणि काही वाटा यावाता येथील पोलाद कारखान्याला मिळाला, जो १९०१ मध्ये सुरू झाला. तरी पैसा पुरेना. १८९८ च्या अखेरीस सारा ३.३ टक्क्यांवर नेण्यात आला. मद्यावरील कर इतका वाढवला की १८९९ मध्ये त्याने उत्पन्नात जमीनकरालाही मागे टाकले आणि त्याच वर्षी घरी दारू गाळण्यास बंदी झाली. रशियाशी झालेल्या युद्धाच्या वेळी कर पुन्हा चढले. कर वाढला की मताधिकाराची १० येनची (१९०० मध्ये १५ येनची अट १० वर आली होती) रेषा ओलांडणारे वाढतात, त्यामुळे १९०८ पर्यंत मतदार १५ लाखांवर गेले. जपानमध्ये या टप्प्यावर मताधिकार वाढला तो कोणी उदार झाले म्हणून नव्हे. लढाईच्या करामुळे वाढला. आणि १९०५ मध्ये तहात रशियाकडून एक रुबलही भरपाई मिळाली नाही, तेव्हा तोक्योच्या हिबिया बागेपासून पेटलेल्या दंगलीत मुख्यतः ते लोक होते ज्यांनी दारूवर, मिठावर आणि तंबाखूवर वाढीव पैसे मोजले होते आणि ज्यांना मत नव्हते.

गिरण्यांकडे आता वळा, आणि मुंबईकडेही, कारण इथे तुलना नाही, प्रत्यक्ष संबंध आहे. उद्योगपती शिबुसावा एइईचीच्या पुढाकाराने उभी राहिलेली ओसाका कताई गिरणी १८८३ मध्ये १०,५०० चात्यांवर सुरू झाली, वाफेवर आणि दिवसरात्र दोन पाळ्यांत. तोवर जपानी बाजारात परदेशी सूत विकले जाई, त्यात मुंबईचेही असे. चीनच्या बाजारात तर मुंबईच्या सुताचा मोठा दबदबा होता. जपानी गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता, पण मुंबईहून तो नेण्याचे भाडे ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या हाती होते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांशी बोलणे झाले आणि त्याच नोव्हेंबरात निप्पॉन यूसेन कैशा या जपानी जहाज कंपनीची मुंबई–कोबे बोट सुरू झाली. पुढे जपानने सुतावरील निर्यात जकात १८९४ मध्ये आणि कापसावरील आयात जकात १८९६ मध्ये उठवली. दुसरीकडे १८९३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, रुपयाचा चांदीशी असलेला संबंध तुटला, आणि चीन चांदीवरच चालत असल्यामुळे मुंबईच्या सुताचा तिथला भाव बिघडला. १८९६ पासून मुंबईत प्लेग आला आणि गिरण्या ओस पडू लागल्या. १८९७ मध्ये जपानची सूतनिर्यात आयातीच्या पुढे गेली. वऱ्हाड-खानदेशातील कापसाच्या गासड्या ओसाकात कातल्या जाऊन शांघायला मुंबईच्या सुताशी स्पर्धा करत होत्या, असे म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही.

चात्यांवर उभे कोण होते? बहुतांश खेड्यातील मुली. बाप करारावर शिक्का मारी आणि आगाऊ रक्कम घेई, मुलगी गिरणीच्या वसतिगृहात राहून ती फेडी. त्या रकमेतून खंड, सारा किंवा व्याज भागे. रेशमाच्या कारखान्यांतही तसेच. १८८६ मध्ये कोफू शहरातील आमेमिया रेशीम कारखान्यातील मुलींनी केलेला संप हा जपानमधील पहिला कारखाना-संप मानला जातो. कारखाना कायदा १९११ मध्ये झाला, अमलात आला १९१६ मध्ये, आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी गिरणीमालकांच्या आग्रहामुळे १९२९ पर्यंत लांबली. कच्चे रेशीम हा निर्यातीतील दीर्घकाळ सर्वांत मोठा माल. ते मुख्यतः अमेरिकेत जाई आणि मिळालेल्या परकीय चलनातून यंत्रे व युद्धनौका येत. तेव्हा युद्धनौकेचा इतिहास लिहिताना मुलीच्या आगाऊ रकमेचा कागद शेजारी ठेवावा लागतो. सामाजिक इतिहास हे शेवटचे प्रकरण नाही म्हणतो ते यासाठी.

पुढचा सगळा काळ इतक्या बारकाईने सांगत नाही, पण दोन ठिकाणी थांबा. पहिले १९१८. त्या जुलैत तोयामा किनाऱ्यावर कोळ्यांच्या बायकांनी तांदूळ बोटीत चढवू नका म्हणून अडवणूक केली. भाववाढीविरुद्धचे दंगे काही आठवड्यांत देशभर पसरले, सैन्य बोलवावे लागले, तेराउची मंत्रिमंडळ पडले आणि हारा ताकाशी हा सरदारी पदवी नसलेला पहिला पंतप्रधान झाला. राजकीय इतिहास येथे ‘पक्षीय सरकारांचे युग’ असे प्रकरण सुरू करतो. परंतु त्याच दंग्यांचा दुसरा परिणाम म्हणजे १९२० पासून जपानची वसाहत असलेल्या कोरियात तांदूळ वाढवण्याची योजना : कोरियाचा तांदूळ जपानकडे वळला, कोरियातील माणशी तांदळाचा खप घटला, आणि स्वस्त तांदळाने जपानी शेतकऱ्याचाही भाव पडला. वसाहतींना वेगळ्या प्रकरणात ठेवणारे पुस्तक तुमच्या हाती असेल तर ते बाजूला ठेवा. दुसरे ठिकाण १९३०. जानेवारीत अर्थमंत्री इनोउए जुन्नोसुकेने येन जुन्या दराने पुन्हा सोन्याला बांधला, तेही अमेरिकी बाजार कोसळल्यानंतर. रेशमाचा भाव पडला आणि त्या वेळी सुमारे ४० टक्के शेतकरी कुटुंबे रेशीमकिडे पाळत होती. त्याच्यानंतरचा अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियोने १९३१ च्या डिसेंबरात सुवर्णचलन सोडले आणि अर्थव्यवस्था सावरली. पण इनोउएचा खून १९३२ मध्ये झाला आणि ताकाहाशीचा १९३६ च्या २६ फेब्रुवारीला. एक मंदी आणणारा आणि एक ती दूर करणारा, दोघेही मारले गेले. कारण दुसऱ्याने सावरल्यानंतर लष्कराचा खर्च आवरायला घेतला होता.

आकड्यांविषयी एक सावधगिरी. मेइजी काळातील सुरुवातीचे भातउत्पादनाचे आकडे करवसुलीच्या यंत्रणेतून आलेले आहेत आणि ज्याला सारा द्यायचा आहे तो पीक आणि जमीन कमी सांगतो. १९६० च्या दशकात यावर मोठा वाद झाला, कारण आरंभीचे उत्पादन वाढवून धरले तर नंतरची वाढ तितकी नेत्रदीपक उरत नाही. नंतर आकडे बऱ्याच अंशी दुरुस्त झाले. तरी वाढीचा दर उद्धृत करताना तो दुरुस्तीपूर्वीचा की नंतरचा, हे पाहिल्यावाचून लिहू नका.

भाषेविषयी. जपानी येत नाही म्हणून विषय सोडू नका, मात्र जपानी न शिकता संशोधन करीन असेही म्हणू नका. पुण्यात जपानी शिकण्याची सोय अनेक दशकांपासून आहे. एका वर्षात तुम्हाला तक्त्यांची शीर्षके, कायद्यांची नावे आणि कालगणना वाचता येईल, आणि जेवढे लागते त्याचा बराच भाग तेवढाच असतो. कोठारांतील हस्तलिखिते वळणदार लिपीत असतात, ती आजच्या सामान्य जपानी माणसालाही वाचता येत नाहीत. त्यांच्या मागे लागू नका. १८६८ ते १९४५ या काळातील सरकारी कागद जपानच्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राने २००१ पासून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत आणि त्यांचा शोध इंग्रजीतूनही घेता येतो. नावांचा क्रम जपानी पद्धतीने, आडनाव आधी, ठेवा. अर्धी नावे उलटी आणि अर्धी सुलटी असलेला प्रबंध तपासताना फार चिडचिड होते.

धाग्याचे दुसरे टोक १९४६ मध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त सैन्याने व्यापलेल्या जपानमधील जमीनसुधारणेत गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन आणि गावातील मालकाची सुमारे एक हेक्टरहून अधिक असलेली कुळाकडची जमीन सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. खंडावरची जमीन ४६ टक्क्यांच्या आसपास होती, ती १९५० पर्यंत १० टक्क्यांवर आली. भरपाई ठरलेल्या येनांत होती आणि युद्धोत्तर चलनवाढीने तिची किंमत मातीमोल केली, म्हणजे १८७८ मध्ये ज्या भाववाढीने मालकांना वर काढले तिनेच त्यांना संपवले. नवा छोटा शेतकरी १९५५ नंतर उदारमतवादी लोकशाही पक्षाचा हुकमी मतदार झाला आणि सरकार त्याचा तांदूळ इतक्या चांगल्या भावाने घेऊ लागले की १९७० पासून भाताचे क्षेत्र कमी करण्यासाठी पैसे द्यावे लागले.

प्रबंधासाठी विषय विचारला होता. तुम्ही मुंबईत आहात, तर ओसाकाला न जाता १८९० ते १९०० या काळातील सुताच्या व्यापारावर लिहा. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य अभिलेखागाराचे महसूल व व्यापारविषयक कागद तुमच्या हाताशी आहेत. पहिला महिना फक्त १८९३ च्या फायलींना द्या : जूनमध्ये टांकसाळी बंद आणि नोव्हेंबरात कोबेची बोट, यांमधल्या पाच महिन्यांत मुंबईचे गिरणीवाले सरकारला काय लिहीत होते ते उतरवून काढा, आणि ती पाने घेऊन मग माझ्याकडे या.